गाळणी

मकरपुऱ्यात आमच्या ऑफिसला समुद्र येतो
खोक्यातून. विटेएवढ्या काळ्या हार्ड डिस्क,
वर चिकटपट्टी, पट्टीवर कुणाचं तरी गिचमिड अक्षर:
लाइन एकशे बारा, रात्रपाळी.
खाऱ्या वाऱ्याचा वास नसतो त्यांना.
असलाच तर कुरिअरवाल्याच्या बॅगेचा.

काम सांगायला सोपं आहे.
जहाज दर दहा सेकंदांनी पाण्यात धडाका करतं,
तो तळाखालच्या खडकापर्यंत जातो, परत येतो,
खाली तेल असेल का त्याचा अंदाज येतो.
धडाका म्हणजे सिग्नल.
बाकी सगळा नॉइज: लाटा, पंखा, लांबची बोट.
तो मी गाळते. अठरा वर्षं.
सकाळी चहा, मग दिवसभर अरबी समुद्र.

त्या दिवशी दोन धडाक्यांच्या मध्ये पडद्यावर
काहीतरी वाकडं दिसलं, कणकेत केस दिसावा तसं.
गाळलं.
पुढच्या ओळीत पुन्हा.
मशीनचं असतं तर एकसारखं असतं. हे थांबत होतं,
वर चढत होतं, मध्येच दम घेत होतं.
वेग आठपट केला आणि कानाला हेडफोन लावले.

काय ऐकलं ते मला नीट सांगता येत नाही.
म्युझिक कॉलेजच्या मागून जाताना कधी कुणी
दिलरुबा लावत बसलेलं असतं आणि तार लागत नसते,
आपण उगाच पाय रेंगाळत चालतो, ते आठवलं.
आमच्या गावात तळ्याला सूरसागर म्हणतात.
माझा जन्म त्याच्या काठी गेला
आणि हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरलं.

मग धडाका.
गप्प.
धडाका. गप्प.
चाळीस मोजले. एकदा अगदी खालून, बारीक, आलं.
त्यानंतर लाइन संपेपर्यंत फक्त खडक.

कानजी खारव्याला फोन लावला. वेरावळचा.
जहाजावर देवमासे बघायची नोकरी त्याची.
म्हणाला, बेन, नियम आहे, अर्धा तास बघायचं,
जवळ कुणी नसलं तर धडाके हळूहळू वाढवत न्यायचे,
असेल त्याला निघून जायला वेळ मिळतो.
बघितलं मी. अमावास्या होती. काळं दिसलं.
लिहिलं, काही दिसलं नाही.
खोटं नाही ना ते?

नाही, कानजीभाई.
पण आठ किलोमीटर लांब कान पाण्यात सोडलाय आपण
आणि त्यानं ऐकावं ही कुणाचीच ड्यूटी नाही.

गेल्या पुरात विश्वामित्रीची मगर
आमच्या जिन्याखाली येऊन बसली होती.
पोरांनी तिच्या डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं,
तोंडाला दोरी, संभाळीने भाई, संभाळीने,
टेम्पोत घालून नदीत नेऊन सोडली.
तिसऱ्या मजल्यावरच्या दिघेकाकू तर
तिला हात जोडून आल्या.
जिन्याखाली यायला हवं होतं त्यानंही.

मांकडसाहेब वाईट माणूस नाहीत.
म्हणाले, हेमांगीबेन, क्लायंटला खडक पाहिजे.
खडक दिला. स्वच्छ, धुऊन.
गाळलेलं मात्र फेकलं नाही, वेगळ्या फाइलीत ठेवलं,
आणि रिपोर्टमधल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
रात्री बघून भागत नाही. आधी ऐका, मग सुरू करा.
लाइन एकशे बारा, धडाका सहाशे चार:
इथे कुणीतरी होतं.

साहेबांनी पहिलं वाक्य तसंच ठेवलं,
दुसऱ्यापुढे पेन्सिलीने लिहिलं, खर्च?
'कुणीतरी' खोडून 'जैविक आवाज' केलं.
'होतं' ला हात लावला नाही.